नलूचे हात

चाळीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी माहेरी, आपण एका सिनेमात काम केलं, असं नलूबाई सांगायची आणि बाभुळगावात कुणाचा त्यावर काडीचाही विश्वास बसायचा नाही. नवरा नागोराव तर पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणायचा, "हिरोइनबाई, च्या ठेवा." ती हसायची, चहाही ठेवायची. पण ते तिला टोचायचंच.

आज नात मोनाली यवतमाळच्या कॉलेजातून आली ती तोच सिनेमा मोबाइलवर घेऊन. जुन्या विनोदी प्रेमपटांत आपल्यासारखी माणसं कुठं दिसतात, यावर तिला वर्गात बोलायचं होतं. नलूबाई तिला खेटूनच बसली. एका तरी माणसानं आपलं खरं मानावं, एवढीच तिची हाव होती.

सिनेमा मोठा गमतीचा. मुंबईची श्रीमंत पोरगी होणाऱ्या नवऱ्याची परीक्षा घ्यायला मजूर बनते आणि पऱ्हाटीत कापूस वेचते. तो बांधावर सपशेल आपटतो, मग दोघं गाणं म्हणतात. खऱ्या मजूर बाया मागं रांगेनं उभ्या, तोंडावर पदर घेऊन.

"यातली कोनती तू?"

"यात नाही वं मी. थांब... हे पाह्य, हे हात!"

पडदाभर दोन हात आले. गोरेपान, भराभर बोंडं वेचणारे. मोनालीला हसू फुटलं. "आजी, हे त हिरोइनचे हायेत. एवढे गोरे!"

"तिले वेचताच येत नव्हतं. बोटं रक्ताळली बिचारीची. मंग सिनेमाच्या साहेबानं मले बलावलं अन् कोपरापर्यंत गोरा रंग लावला."

मोनालीला काही ते पटेना. नलूबाईचं तोंड एवढंसं झालं. तरी पोरीनं तो तुकडा पुन्हा लावला, आणि ती थबकली. हिरोइनच्या कडेवर टोपली होती. हे हात मात्र टोपलीकडे गेलेच नाहीत. मूठभर कापूस घेऊन ते सरळ कमरेशी गेले, जिथं वेचणाऱ्या बाया कापडाची ओटी बांधतात. मोनालीनंही सुट्ट्यांत वेचणी केली होती. मुंबईच्या हातांना ही सवय कुठली असायला!

"तूच होय, आजी!"

नलूबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण मोनाली भडकली होती. "साऱ्या सिनेमात आपलं एवढंच, अन् तेही रंगवून टाकलं! तुले राग नाही आला?"

राग? नलूबाई गोंधळून गेली. तिनं तर तो रंग दोन दिवस धुतला नव्हता. भाकरीसुद्धा माहेरच्या शेजारणीकडून, नंदाबाईकडून, थापून घेतल्या होत्या. मग ते सुख खोटं होतं का? ज्या हातांसाठी ती चाळीस वर्षं भांडली, ते तिचे होते की नव्हते? घटकेत तिला पोरीचं खरं वाटे, घटकेत स्वतःचं. पोरगी आपल्या बाजूनं रागावली होती, तरी आपलंच काहीतरी चुकल्यासारखं तिला वाटत होतं.

"हात दे," मोनाली म्हणाली. "मोबाइलच्या बाजूले ठेव. दोन्हीचा फोटो काढतो. वर्गात तुहं नाव सांगतो."

नाव! नलूबाईनं लगबगीनं हात पुढं केला. तो सावळा, भेगाळलेला हात पडद्यावरच्या गोऱ्या हाताशेजारी टेकला, आणि तिनं तो झटकन पदराखाली ओढून घेतला.

"काहून वं आजी?"

"थांब जराशी," नलूबाई उठत म्हणाली, "पावडर लावून येतो."