बाईंचा लेथ

चौतीस वर्षं टूलरूममध्ये टर्नर म्हणून काढल्यावर मायक्रॉनकाका निवृत्त झाले. हे नाव गल्लीने ठेवलेलं. शेजाऱ्यांकडे साधी कडी बसवायची असली तरी ते खिशातून आधी केसाची जाडी मोजणारं मायक्रोमीटर काढायचे.

त्याच वर्षी मुलगी बाळंत झाली आणि बायको तिच्याकडे गेली. "बाळ बसायला लागलं की येते," म्हणाली होती. बाळ बसलं, रांगलं, धावलं. आता ते शाळेत जात होतं, आणि त्याला सोडायला-आणायला आजी लागत होती.

काकांनी मागची खोली रिकामी केली. फरशी काढून जाड काँक्रीट ओतलं, वेगळी वायर ओढून घेतली. तिथे लोखंड कातायचा एक जुना लेथ आणि एक छोटं मिलिंग मशीन बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. मग दर रविवारी मशीन बघायला जाणं सुरू झालं. अकरा लेथ पाहिले, अकराही नापास. एकाचा फिरता दांडा, स्पिंडल, खडखडत होता, दुसऱ्याच्या गिअरचे दात गेले होते. एकाला नवाकोरा हिरवा रंग फासलेला. काकांनी तो नखाने खरवडून खालची भेग मालकालाच दाखवली. मालकाने तरीही चहा पाजला. तासभर गप्पा झाल्या आणि काका रिकाम्या हाताने पण बऱ्यापैकी खुशीत घरी आले.

"अहो, मशीन घ्यायचंय की नुसतं हिंडायचंय?" बायकोने फोनवर विचारलं.

"चांगलं मिळायला नको का?"

"तुम्हाला मशीन नकोच आहे. रविवारी जायला एक ठिकाण हवंय."

काकांनी विषय बदलला. पण ते वाक्य त्यांना आठवडाभर टोचत राहिलं.

बारावा लेथ आणि त्याच्याशेजारचं छोटं मिलिंग मशीन एका बाईंचं होतं. साठी उलटलेली, केस आखूड कापलेले, दोन्ही मनगटांना पट्टे. सासऱ्यांनी हाताला धरून शिकवलं आणि पुढे तीस वर्षं त्यांनी एकटीने वर्कशॉप चालवलं. मनगटं गेली तेव्हा डॉक्टरांनी काम बंद करायला लावलं. आता मुलाकडे राहायला जायचं होतं, तिसऱ्या मजल्यावर.

"आधीच सांगते भाऊ, चकाजवळ बेड झिजलाय," बाई म्हणाल्या. "आणि मिलिंगचा हँडल उलटा फिरवला की पाव फेरा मोकळा जातो. नंतर बोंब मारत यायचं नाही."

काका चक्रावले. स्वतःच्या मशीनची खोट स्वतःहून सांगणारा विकणारा त्यांना अकरा रविवारांत भेटला नव्हता. त्यांनी बेडवरून, लेथच्या खालच्या लांब पाटावरून, बोट फिरवलं. ज्या पट्ट्यात रोजचं काम होत आलं होतं, तिथे लोखंड जरासं खाली गेलेलं लागलं.

"इथे काय बनवायचात?"

"शिलाई मशीनचे सुटे भाग. लहान काम. म्हणून झीज एकाच जागी." बाईंनी लोखंडाचा एक तुकडा पुढे केला. "कातून बघा. मलाही तुमचा हात बघायचाय. कुणाच्याही गळ्यात नाही बांधणार मी हे."

काकांनी तुकडा चकाच्या जबड्यात आवळला, कटर लावला. दोन कापांत हात बसला. दोन्ही टोकं मापली. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार, एवढा फरक.

"चार," काका म्हणाले.

"माहितीये," बाई म्हणाल्या. "मी कटरचा शेवटचा घास हाताने सांभाळून घ्यायचे. तुम्हालाही जमेल."

घरच्या वर्कशॉपला चार म्हणजे काहीच नाही, हे काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नकार द्यायला दुसरं कारणही सापडेना. त्यांनी दोन्ही मशीनं घेतली.

क्रेनवाल्याने ती उतरवली. पुढचे चार दिवस काका लेव्हल लावत, पाचरी ठोकत बसले. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी पहिली गोल सळई कातली, शेवटचा घास हाताने सांभाळला आणि मापली. फरक एकावर आला होता.

"अगं, बघ जरा!" ते मोठ्याने म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे निघालेसुद्धा. ओट्याशी जाऊन थबकले. सकाळचा कप तसाच विसळायचा पडला होता.

त्यांनी बायकोला फोन लावला. मागे नातवाचा दंगा चालला होता. "याला भरवतेय हो, नंतर करते," ती म्हणाली.

काका सळई हातात धरून खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी त्यांनी बाईंना फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"किती आला?" बाईंनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"एक."

"हं." मग त्या म्हणाल्या, "इथे मुलाकडे खिडकी लावली की काहीच ऐकू येत नाही हो. जरा चालू करून ऐकवता?"

काकांनी लेथ सुरू केला आणि फोन गिअरबॉक्सशेजारी धरला. हात अवघडला, त्यांनी तो बदलला. लाइन कट झाली का, हे बघावं असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी फोन हलवला नाही.

बऱ्याच वेळाने बाईंचा आवाज आला.

"पट्टा सैल आहे. घट्ट करून घ्या."

फोन बंद झाला. काकांनी लेथ थांबवला, पाना शोधला आणि पट्टा ताणायला मोटर मागे सरकवावी म्हणून तिचे बोल्ट सैल करायला घेतले.