जुन्या कारखान्याचा भोंगा

पितळी नळांचा कारखाना बंद पडून मोडकळीला आला, तेव्हा तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. आता त्याचा 'सांस्कृतिक चौक' झाला होता आणि शहरातल्या तमाम शहाण्यांना अचानक गंजाचा उमाळा आला होता. ओतशाळेत कॉफी मिळत होती, भट्टीत पुस्तकं मांडली होती. खांबांवरचा गंज झडू नये म्हणून त्यावर पारदर्शक लेप दिला होता. बिचाऱ्या कामगारांनी तो गंज फुकटच अंगावर घेतला होता.

हे सगळं एका जुन्या कामगाराच्या सुनेच्या डोक्यातून निघालेलं. ती नगररचनाकार, आणि सासऱ्यांनी याच कारखान्यात उभी हयात काढलेली. तिला बक्षिसं मिळाली, मासिकात फोटो आला. पण सासऱ्यांनी "बरं झालंय" एवढंही तोंडातून काढलं नव्हतं. तेवढं ऐकायला तिचे कान आसुसले होते.

उद्घाटनाला तिने त्यांना आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांना पहिल्या रांगेत बसवलं. महापौर पंख्याखाली उभे राहून कामगारांच्या घामावर बराच वेळ बोलले. मग तिचा हुकमी एक्का, कारखान्याचा जुना भोंगा. तो दुरुस्त करून घेताना तिच्या नाकी नऊ आले होते.

भोंगा वाजला. पाहुण्यांच्या अंगावर काटा आला. पहिली रांग मात्र गुडघे धरत उठली आणि महापौरांकडे न बघता फाटकाकडे निघाली. पाळी सुटली होती. फाटकाशी म्हातारे एकामागे एक उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. खिशातून पितळ जात नाही ना, याची झडती रोज तिथेच व्हायची. सुनेच्या नकाशात ती जागा 'स्वागत-कट्टा' होती.

नवा रखवालदार गोंधळला. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच. टाळ्यांचा कडकडाट झाला, फोन वर झाले.

"हे रोज ठेवता येईल का?" चौक बांधणाऱ्या बिल्डरने तिच्या कानाशी विचारलं.

ती फाटकाकडे धावली. शरमेने तिला मान वर करवत नव्हती.

"बाबा, हात खाली घ्या ना."

सासऱ्यांनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं आणि ओशाळून हात खाली घेतले.

"भोंगा झाला, म्हणून..." ते म्हणाले. मग तिचा पडलेला चेहरा बघून, तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी पाठीवर थोपटलं. "हुबेहूब जमलंय गं, पोरी."