माझ्या सायलेन्सरमध्ये कोणाचा हात?

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि पाना घेऊन जवळ येणाऱ्या कोणाही माणसावर माझा विश्वास नाही. हसू नका! तुमच्या गुडघ्यांचे नट कोणी येता-जाता ढिले करून बघितले असते, तर तुम्हीही माझ्याइतकेच संशयी झाला असता.

त्यात माझा डोळा एकच, आणि तोही पुढे. दिवा हाच माझा डोळा. पाठीमागे कोण उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, हे मला कळायचं कसं? फक्त स्पर्शावरून. म्हणून मी माणसांना तोंडावरून नाही, हातावरून ओळखते.

माझा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकत सरकत मी पुढे जात होते आणि कोणी चाक लावत होतं, कोणी टाकी. शेवटी एका तपासनिसाने स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. "ठीक आहे," तो म्हणाला. मला बरं वाटलं. मग तो माझ्या मागच्या गाडीलाही "ठीक आहे" म्हणाला, तिच्या मागचीलाही. संशयाची पहिली ठिणगी तिथेच पडली.

मला घरी नेलं ते एका बसचालकाने. तेच भिंगरीचे बाबा. दिवसभर बसचं ते अवाढव्य धूड घाटातून वर-खाली न्यायचं आणि संध्याकाळी माझ्यावर बसून घरी यायचं, हा त्यांचा नेम. डेपोबाहेर मला किक मारली की म्हणायचे, "हं, आता कसं पिसासारखं वाटतंय!" त्यांचा हात जड, पण मायेचा. क्लच दाबताना घाई नाही, ब्रेकवर राग नाही. रविवारी अंघोळ, महिन्याला ऑइल, चेनला वंगण. भिंगरी तेव्हा एवढीशी. एका जागी क्षणभर ठरायची नाही म्हणून तिला हे नाव पडलेलं. तिला माझ्या टाकीवर बसवून बाबा गल्लीत फेरी मारत आणि ती तोंडाने माझ्याहून मोठा आवाज काढी.

पुढे डेपोची गाडी चालकांना घरापर्यंत सोडू लागली. झालं. माझी रवानगी जिन्याखाली झाली. अंगावर जुनी चादर, चादरीवर छत्र्या, सीटवर रद्दी, हँडलला पिशव्या. मी गाडी होते की कपाट, माझं मलाच कळेना. कोणी चादरीचं टोक जरी उचललं, तरी माझ्या टाकीत गोळा यायचा. आला बहुतेक भंगारवाला!

एक दिवस चादर सर्रकन निघाली आणि समोर भिंगरी. उंच झालेली, बाह्या वर सारलेल्या. ती एक्स-रे काढायचं शिकली होती आणि घाटापलीकडच्या शहरातल्या रुग्णालयात तिला काम लागलं होतं. सुट्टीला घरी येण्या-जाण्यासाठी तिला मी हवी होते.

"ही?" बाबा म्हणाले. "ही आता शोभेची वस्तू आहे."

"शोभेची? बाबा, हिच्यावर कोळ्यांचं सबंध खानदान नांदतंय!"

"बसने जा. बस काय वाईट आहे?"

"तुमची शेवटची बस सुटते तेव्हा माझी ड्यूटी संपलेली नसते. मग काय, एक्स-रेच्या टेबलावर झोपू?"

बाबा हँडलवरच्या पिशव्या काढत राहिले. चालक माणूस गप्प झाला की तो रस्त्याचा विचार करत असतो, हे मला जुन्या सवयीने ठाऊक होतं.

मग मागच्या अंगणात माझी शस्त्रक्रिया सुरू झाली. भिंगरीने माझा कार्ब्युरेटर सोडवला आणि सगळे तुकडे स्टीलच्या ताटात नीट मांडले. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती ते पेट्रोलमध्ये घासत होती.

"त्या ताटात जेवायचंय आपल्याला," आई खिडकीतून म्हणाली.

"धुऊन देते गं!"

"तुझ्या धुण्याला मी ओळखते. परवाच्या वाटीतल्या आमटीला अजून पेट्रोल पंपाची चव होती."

भिंगरीने माझं हँडल बदललं. लांबुडक्या सायलेन्सरच्या जागी आखूड, मोकळा बसवला. सायलेन्सर मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं, आणि जास्त हवेला पेट्रोलही जास्त लागतं. म्हणून तिने जेटही मोठा घातला. मित्रांनो, जेट म्हणजे पितळेचा चिमुकला तुकडा, त्याला आरपार बारीक भोक. माझ्या पोटात जाणारं पेट्रोल त्या भोकातूनच येतं. भोक किंचित मोठं असलं तर मी गुदमरते, किंचित लहान असलं तर तापते. एवढ्याशा भोकावर सगळा संसार!

वसाहतीच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी एक उभा चढ आहे. भिंगरीने मला तिथे नेलं आणि मी अशी चढले, अशी चढले, की वर पोचल्यावर तीच किंचाळली. आत ठिणगी टाकणारा प्लग काढून बघितला तर छान विटकरी रंगाचा. प्लग हा माझा एक्स-रे समजा. विटकरी म्हणजे तब्येत उत्तम.

सगळं इतकं छान चाललं होतं, की मला संशय यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी बाजारात गेली होती. माझं तोंड भिंतीकडे होतं. मागे चप्पल वाजली. कोणीतरी माझ्या सायलेन्सरच्या तोंडात काहीतरी घातलं आणि काठीने आत आत ढोसलं. एक हात आधाराला माझ्या सीटवर होता. जड हात, ओळखीचा. संशय घ्यायचा तर मी साऱ्या जगावर घेतला असता, पण त्या हातावर नाही. वाटलं, काही दुरुस्तीच असेल.

पण भिंगरीने किक मारली आणि मला श्वासच घेता येईना! चढाच्या मध्यावर मी ढुप् ढुप् करत मान टाकली. प्लग निघाला तो काजळासारखा काळा.

"कोणीतरी हात लावलाय हिला," भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

आता घरात तपास सुरू झाला. पहिला संशय समोरच्या काकूंवर. नव्या सायलेन्सरच्या आवाजाने त्यांच्या कपाटातल्या बरण्या नाचतात, अशी त्यांची तक्रार होतीच.

"काकू, तुम्ही आमच्या अंगणात आला होता?"

"मी? तुमच्या त्या काळ्या म्हशीजवळ? माझी साडी बघ आणि मग बोल!"

काळी म्हैस! मी ते लक्षात ठेवलं. भिंगरी मात्र काकूंच्या बोटांकडे टक लावून बघत होती. बोटं स्वच्छ. मग तिने आईकडे बघितलं, कारण ताटाचा राग. आईच उलट कडाडली, "माझ्यावर डोळे रोखू नकोस. आधी सांग, भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोण पळवतंय? कालच नव्या आणल्या, आज गायब. या घरात घासण्या खातं कोण?"

"मी ब्रश वापरते, आई. घासणी कशाला घेऊ?"

बाबा पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ त्याच पानावर होता.

शेवटी भिंगरीने माणसांचा नाद सोडला आणि जेटवर संशय घेतला. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे जेट फार मोठा झाला, असा तिचा हिशेब. तिने लहान जेट बसवला. मी बरी चालू लागले. हरणासारखी नाही, पण शेळीसारखी तरी.

"जमलं! आज दुपारी फक्त सायलेन्सर उघडून साफ करते आणि उद्या सकाळी घाट!" तिने जेवताना जाहीर केलं. अंगणात मला ते स्पष्ट ऐकू आलं. तिचा आवाज माझ्यासारखाच आहे, मोकळ्या सायलेन्सरचा.

ती हात धुवायला गेली, तोच ती चप्पल पुन्हा घाईघाईने माझ्यामागे आली. तारेचा आकडा आत शिरला, काहीतरी खरवडत बाहेर निघालं. माझा श्वास मोकळा झाला. पण मित्रांनो, माझा जेट आता लहान होता! हवा भरपूर आणि पेट्रोल तोकडं. हे मला कळत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

भिंगरीने सायलेन्सर उघडला, आत काही नाही. पुसून बसवला. तरी तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मला शेवटचं एकदा त्या चढावर काढलं. मी सुसाट निघाले. अर्ध्या चढावर पोट कडकडायला लागलं, डब्यात खडे हलवावेत तसं. अंगाला आग लागली. आणखी थोडं, आणि पिस्टन जागच्या जागी अडकून बसला असता. पण भिंगरीने तो आवाज ऐकला, क्लच ओढला आणि मला कडेला घेतलं. हातमोजा घालून प्लग काढला. हाडासारखा पांढरा.

"काल काळा, आज पांढरा," ती म्हणाली. "आजारी माणूससुद्धा असा रंग बदलत नाही."

मला ढकलत ती घरी आली. अंगणात आई उभी होती. हातात बाबांच्या डब्याची पिशवी, आणि पिशवीतून काढलेले तीन-चार काळेकुट्ट गोळे.

"अहो," आईने आत हाक मारली, "या माझ्या घासण्या तुमच्या डब्याजवळ काय करताहेत?"

बाबा दारात आले. "ते... भांडी..."

"तुम्ही कधीपासून भांडी घासायला लागलात?"

भिंगरीने एक गोळा नाकाशी नेला. जळक्या पेट्रोलचा वास. तिने माझ्या सायलेन्सरकडे बघितलं, मग बाबांकडे. मला वाटलं, आता ती ओरडणार. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं.

"बाबा, तुम्ही?"

"मी तो घाट रोज बघतो गं," बाबा म्हणाले. "वळणावर कोण कसं येतं ते मला माहीत आहे. म्हटलं, गाडीला दमच नाही असं दिसलं तर तू आपणहून बसने जाशील. मग तू सायलेन्सर उघडणार म्हणालीस, म्हणून काढून घेतलं सगळं. आता गाडी पहिल्यासारखीच आहे ना?"

"पहिल्यासारखी नाहीये. तुमच्या घासण्या आत असताना मी तिचं पेट्रोल कमी केलं. तुम्ही त्या काढल्यात आणि मला सांगितलं नाहीत. उद्या घाटात इंजिन जाम झालं असतं. मागचं चाक जागीच अडकलं असतं. आणि मागून बस येत असती, बाबा. तुमच्याच डेपोची."

बाबा पायरीवर बसले. त्यांनी पांढरा प्लग हातात घेतला आणि कितीतरी वेळ तो अंगठ्याने पुसत राहिले, जणू पुसून रंग बदलणार होता. आईने घासण्या कचऱ्यात टाकल्या.

"सरळ सांगायचं ना," भिंगरी म्हणाली, "की मला भीती वाटते."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण कळलं तरी असतं."

त्या संध्याकाळी मोठा जेट परत बसला. भिंगरीने बसवला, बाबांनी बॅटरीचा उजेड धरला. सकाळी निघताना बाबा गणवेश न घालता आले आणि माझ्या मागच्या सीटवर बसले. सारा जन्म स्टीअरिंगमागे गेलेला माणूस! "माथ्यापर्यंतच," ते म्हणाले. वाटेत भिंगरी प्रत्येक वळणाला हॉर्न देत होती आणि बाबा प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबत होते. पाय टेकायच्या दांडीवर मला ते स्पष्ट कळत होतं.

माथ्यावर बाबांनी मला थांबवायला लावलं. मी निवल्यावर त्यांनी स्वतः प्लग काढला. विटकरी.

"आता बसला विश्वास?" भिंगरीने विचारलं.

"गाडीवर बसला."

"आणि माझ्यावर?"

बाबांनी प्लग आणि पाना तिच्या हातात ठेवला. "घे, तूच बसव. माझा हात नको आता." मग ते परतीच्या बसच्या थांब्याकडे चालू लागले. वळून बघितलं नाही. माझ्या दिव्यासमोरच्या थांब्याच्या बाकावर मात्र खाली शहर दिसतं त्या बाजूला तोंड करून बसले, आणि भिंगरी प्लग बसवत होती तोवर त्यांची बस आली तरी उठले नाहीत. आम्ही शहराच्या उताराला लागलो तेव्हा ती बस त्यांना न घेताच घराच्या बाजूला निघून गेली होती.

आता मी रुग्णालयाच्या आवारात एका शेडखाली उभी असते. इथल्या रखवालदाराच्या हातातही काल मी पाना पाहिला. त्याच्यावर माझं लक्ष आहे. पण मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. यंत्राची काळजी घ्या, वेळेवर ऑइल द्या, चेन कोरडी पडू देऊ नका. आणि एका गाडीला दोन हात लागणार असतील, तर एकाने काय केलं ते दुसऱ्याला त्याच वेळी सांगा, मग ते प्रेमाने केलेलं असो की भीतीने. आम्हा यंत्रांना त्यातला फरक कळत नाही. आम्ही फक्त चढावर तापतो, आणि तेव्हा आमच्यावर तुमचंच कोणीतरी बसलेलं असतं.