अर्ध्या पोथीचं गाढव

करड्याला जात्याला जुंपलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. पुढची अकरा वर्षं तो त्या एका खोलीत गोल फिरला. डोळ्यांवर जाड कापडाची झापड, मानेत जू, आणि डाव्या अंगाला ते भलंमोठं दगडी जातं. सुइन्यांग नावाची विधवा त्याची मालकीण. ती जात्याच्या तोंडात भिजवलेलं सोयाबीन ओतायची, खालून पांढरा रस गळायचा, आणि दुपारपर्यंत त्याचा टोफू होऊन वेइ नदीच्या घाटावर विकलाही जायचा. करड्यानं तो टोफू कधी पाहिला नाही. आपण कशासाठी चालतोय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

खोलीची मागची भिंत मठाला लागून होती. ओल धरून तिला तडा गेला होता, आणि पलीकडे ह्वेईमो नावाचा म्हातारा भिक्षू रोज सकाळी मोठ्यानं पोथी वाचायचा. जातं सुरू झालं की तो पोथी उघडायचा. भिंतीजवळून जाताना करड्याच्या कानावर पाच-सहा शब्द पडायचे. मग तो वळायचा, दगडाची घरघर कानात भरायची आणि पोथी बुडून जायची. इतक्या वर्षांत दोघांची लय अशी जुळली होती की रोज तेच शब्द भिंतीपाशी यायचे आणि रोज तेच शब्द दगडाखाली जायचे.

पोथी ऐकून जनावराला माणूसपण येतं, हे आमच्या भागात कुणाला नवं नाही. बगळे तळ्याकाठी ऐकतात, कोल्हे मठाच्या पायरीशी येऊन बसतात. पण ते सगळे एका जागी बसून सबंध ऐकतात.

बाराव्या वर्षी, राळ्याची कापणी सुरू झाली त्या सुमाराला, एका सकाळी करड्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. जू खांद्यावरून घसरून पडलं. सुइन्यांग सोयाबीनची बादली घेऊन आत आली, तर जात्याच्या दांड्यापाशी एक उघडा माणूस उभा. डोळ्यांवर झापड तशीच.

"कोण रे तू? आणि माझं गाढव कुठंय?"

"मीच ते, मालकीणबाई."

तिनं जवळ जाऊन झापड वर केली. लांबोडा चेहरा, करडे केस, उजेडानं पाणावलेले डोळे. कानही लांबच राहिले होते, आणि डाव्या कानाला कुत्र्यानं घेतलेला तो जुना चावा तिनं लगेच ओळखला. ती बादली ठेवून तिथंच बसली.

"गाढव झालेली माणसं घाटावर रोज बघते मी," ती म्हणाली. "उलटं झालेलं आजच बघितलं. थांब, आधी विजार आणते."

तिनं त्याला नवऱ्याचे जुने कपडे दिले, राळ्याची पेज वाढली. त्यानं वाडगं चाटूनपुसून साफ केलं. मग ती म्हणाली, "आता जा बाबा. लई राबलास. माणसाला काही मी जात्याला जुंपणार नाही."

करड्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. सरळ चालत जायचं आणि पुढं काय येतं ते बघायचं. तो फाटकातून बाहेर पडला आणि नदीच्या कडेनं पूर्वेला निघाला. नदी उजव्या हाताला होती. वारं अंगाला लागत होतं, पाय आपोआप पडत होते. थोड्या वेळानं नदी पाठीमागं गेली. मग ती डावीकडे दिसू लागली. दुपार कलली तेव्हा समोर एक भिंत आली, ओल धरलेली. तो सुइन्यांगच्या मागच्या दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक लांबचं झाड नजरेत धरलं आणि त्यावरून डोळे न हलवता तो चालला. झाड हळूहळू उजवीकडे सरकत गेलं. तिसऱ्या दिवशी तो पळाला. जेवढा जोरात पळाला तेवढा लवकर परत आला.

तेव्हा तो मठात गेला. ह्वेईमोनं सगळं ऐकून घेतलं, लांब कानांकडे पाहिलं आणि पोथी काढली. "बैस. आज सबंध वाचतो."

भिंतीपाशी ऐकलेले शब्द आले, ते करड्याला आधीच पाठ होते. मग भिक्षूचे ओठ हलत राहिले आणि करड्याच्या कानात घरघर सुरू झाली.

"महाराज, जातं कुणी लावलंय?"

"जातं बंद आहे बाळा."

ह्वेईमोनं तेच पान पुन्हा वाचलं. मग कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सांगितला. करड्याला दगडाशिवाय काही ऐकू आलं नाही. अखेर म्हाताऱ्यानं पोथी मिटली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "जात्याच्या ठेक्यावर वाचायला मला बरं वाटायचं. पलीकडे कोण ऐकतंय, कधी डोकावून बघितलं नाही."

"मग मी आता असाच राहणार?"

भिक्षूनं त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्याच आठवड्यात एका नावाड्यानं निरोप आणला. सुइन्यांगची मुलगी आछियाओ एका दिवसाच्या वाटेवर, लिउपो गावात दिलेली होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आईनं यावं. सुइन्यांगनं टोपलीत अंडी आणि राळे भरले. दारात करड्या बसला होता.

"माझी बाही धर आणि डोळे मीट," ती म्हणाली. "ही वाट मी झोपेतसुद्धा चालेन. बघू तुझे पाय तुला कसे वळवतात ते."

तो बाही धरून चालला. ती वाटभर बोलत होती; जावयाचा कंजूषपणा, विहिणीचं नाक मुरडणं. मग बोलता बोलता थांबली.

"हे देवीचं देऊळ मघाशी मागं टाकलं ना आपण?"

उन्हं उतरताना दोघं आपल्याच मागच्या दारात पोचली. दुसऱ्या दिवशी त्याला बाही धरायला लावून तिनं नदीचा काठच सोडला नाही, तरी तेच झालं. टोपलीतली चार अंडी फुटली होती. सुइन्यांग उंबऱ्यावर बसली.

"पोर एकटी आहे रे माझी," ती एवढंच म्हणाली.

तिसऱ्या सकाळी पुन्हा निघाली ती दोघं; वाट आपणच चुकतोय असं तिला अजून वाटत होतं. कापलेल्या राळ्याच्या रानात मधोमध आल्यावर करड्यानं बाही सोडली आणि तो थांबला.

"चल ना."

"तुम्ही व्हा पुढं. चाललो तर तुम्हालाही परत घेऊन जाईन."

"आणि तू इथं उघड्यावर उभा राहणार? वेडा आहेस का?"

"तुम्ही दिसेनाशा होईपर्यंत राहीन कसाबसा."

ती निघाली. दहा पावलांवर वळून पाहिलं, मग नाही पाहिलं. त्याचे पाय डावीकडे ओढ घेत होते. त्यानं पायाची बोटं मातीत रुतवली. सुइन्यांग लहान लहान होत गेली. ती उजवीकडे सरकली नाही की डावीकडे. एवढं सरळ गेलेलं त्यानं आजवर काहीच पाहिलं नव्हतं.

चाळीस दिवसांनी ती परत आली. तो त्याच रानात होता. भोवती माती तुडवून तुडवून गोल वाट पडली होती.

"मुलगी झाली," ती म्हणाली.

"सरळ पोचलात?"

"सरळ."

तो हसला. मग तिनं घरी चलायचा आग्रह धरला, तेव्हा त्यानं मान हलवली. "घरीच तर येता येतं मला, मालकीणबाई. इथं निदान कोण कुठं जातंय ते दिसतं."

सुइन्यांग होती तोवर त्याला पेज पोचवत राहिली. ती गेल्यावर तो कुणाला दिसला नाही, पण रान त्यानं सोडलेलं नाही. आजही तिथून जाताना माणसं आपण कुठं आणि कुणाकडे निघालोय ते मोठ्यानं सांगतात. सांगितलं की शेजारी चालणारी पावलं थांबतात. जो सांगत नाही त्याची तो सोबत धरतो, आणि तो माणूस दिवस मावळताना आपल्याच दारात येऊन उभा राहतो.