पुढच्या आठवड्यात बघतो

मी पंखा बोलतोय. मान वर करून छताकडे बघू नका, मी तिथे नाही. ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात भिंतीवर घर तापवणारा बॉयलर आहे, त्याच्या पोटात मी एकोणीस वर्षं काढली. जळलेल्या गॅसचा धूर नळीतून घराबाहेर हाकलायचा, एवढंच माझं काम. मी नीट फिरलो तर बॉयलर पेटणार, अडलो तर घर गार.

मला बसवलं तेव्हा इद्वल होता. ग्लेनिसचा नवरा, आमच्या खोऱ्यातल्या गावांमधून फिरणाऱ्या बसचा ड्रायव्हर. हाताचा हुशार, पण चालढकलीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नळ गळू दे नाहीतर दार अडू दे, उत्तर ठरलेलं, "पुढच्या आठवड्यात बघतो." ग्लेनिस म्हणायची, "तुझा हा पुढचा आठवडा कॅलेंडरात छापायचा राहून गेलाय."

आठव्या वर्षी मी घरघरायला लागलो. इद्वलने एका रविवारी बॉयलर आणि भिंत यांच्यामध्ये काहीतरी कोंबलं. थरथर थांबली, आवाज निम्म्यावर आला. माझं दुखणं होतं तिथेच राहिलं.

यंदा एप्रिलमध्ये इद्वल गेला. चॅपलमधल्या अंत्यविधीच्या प्रार्थनेहून परतलेल्या बायका सँडविच खात म्हणाल्या, "किती धीराची आहे हो." धीर कसला? ती बधिर झाली होती. रोज सकाळी चहाचे दोन कप करायची, एक प्यायची, दुसरा मोरीत ओतायची. रडली मात्र नाही. मला तिचं नवल वाटलं नाही. माझंही तेच झालं होतं, फिरवलं की फिरायचं.

इकडे हिवाळ्यासाठी ऑक्टोबरअखेर सगळे घड्याळं तासभर मागे नेतात; त्याआधी आमच्या गल्लीत कुणी घर तापवत नाही. आधी तापवलं तर शेजारी विचारतात, "लॉटरी लागली का?" आमच्या भिंतीवरचं घड्याळ इद्वल फिरवायचा. यंदा ती स्टुलावर चढली, काटा मागे नेला आणि बॉयलरचं बटण दाबलं. मी किंचाळलो, दोन गिरक्या घेतल्या आणि अडकलो. तिने बटण बंद केलं आणि कोट चढवला.

तीन आठवडे ती घरात कोट घालून बसली. पाणी किटलीत तापवायची. मुलगी कॅरिस फोनवर म्हणाली, "आई, शनिवारी बाळाला घेऊन येतेय. घर उबदार आहे ना? सहा आठवड्यांची आहे ती. गारठ्यात नाही आणणार मी."

"आहे गं राणी, मस्त आहे," ग्लेनिस म्हणाली. तोंडातून वाफ निघत होती. तिने फोन ठेवला. मग गॅसचे बॉयलर दुरुस्त करणाऱ्या गेथिनला बोलावलं. तो शाळेत कॅरिसच्या वर्गात होता.

शुक्रवारी गेथिन आला. त्याने झाकण काढलं आणि बोटाने माझं चाक फिरवलं. मी खरखरलो, डगमगलो.

"बेअरिंग गेलंय, मावशी. पंखा बदलावा लागेल."

"तेलाचा थेंब घालून नाही का भागणार?"

"आठवडाभर भागेल. पण धूर बाहेर टाकणारी वस्तू आहे ही, घरात बाळ येणार. खेळ नको." मग त्याने बॉयलरच्या मागे हात घातला. "आणि हे कुणी कोंबलंय इथे?"

पबमध्ये ग्लासाखाली ठेवतात तो पुठ्ठा, दुमडलेला. त्याने तो उलगडून तिच्या हातात दिला. पेन्सिलीने लिहिलं होतं, "ग्लेन, हे काढू नकोस. पुढच्या आठवड्यात बघतो." खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची.

ग्लेनिस हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा. हसता हसता खुर्चीत बसली आणि मग जे रडू आलं ते थांबेना. गेथिन हातात पाना धरून उभा राहिला, शेवटी त्यानेच किटली चढवली.

दुपारी नवा पंखा फिरला. त्याचा आवाजसुद्धा येत नाही. घर हळूहळू तापलं आणि तिने कोट काढून खुंटीला लावला.

जाताना गेथिनने मला उचललं. "हा भंगारात टाकतो, मावशी."

तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे इथेच. पुढच्या आठवड्यात बघते."

तेव्हापासून मी खिडकीत आहे, पोटाशी तो पुठ्ठा घेऊन. नात पाळण्यात निजली आहे, उघडे हात पांघरुणाबाहेर टाकून. तुमच्या घरात कुणी घरघरत असेल तर वेळेवर बघा. मला मात्र घाई नाही. तो आठवडा यायचाय अजून.