उदाहरणादाखल दोनशे चौदा

आमच्याकडे कृत्रिम पाय बनतात, आणि कुणाचं माप कधी घ्यायचं, कुणाला पाय कधी बसवायचा हे सगळं एका जुनाट प्रोग्रामवर चालतं. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी रेघ, आणि तिच्यापुढे आपण हुकूम टाइप करायचा. ‘नोंद’, ‘शोध’, ‘रद्द’. अडलात तर ‘मदत’ लिहून पुढे त्या हुकमाचं नाव लिहायचं, की पानभर मजकूर समोर येतो. आता तो मजकूर ज्यानं लिहिला होता, त्याला माणसांशी बोलायची सवय नसावी. वाचून माणूस आणखीनच अडायचा आणि उठून माझ्या टेबलाशी यायचा. “ताई, एकच मिनिट!” त्या एका मिनिटात माझा अर्धा दिवस जायचा.

शेवटी माझं डोकं फिरलं. ती मदतीची पानं म्हणजे साध्या फाइली असतात. त्यांच्या जागी आपल्या फाइली ठेवल्या की आपलं लिहिलेलं दिसतं. मी एकेक करून सगळी पानं नव्यानं लिहून काढली, शेजारी बसून समजावल्यासारखी. मधूनच दटावलंसुद्धा: ‘घाबरताय कशाला, चावत नाही तो.’ आणि प्रत्येक पानाखाली एक उदाहरण दिलं, जसंच्या तसं टाइप करता येईल असं. लोक खूश. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, प्लास्टरवाल्या काकांनी माझं नाव मदतमास्तरीण पाडलं. मीही चांगलीच शेफारले, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमाराला एक शिंपी आमच्या खनपटीला बसला होता. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं. एक पाय गुडघ्याखालून गेलेला. कुबड्या घेऊन, बायकोला सोबत घेऊन यायचा. पायमशीन एका पायानं नीट चालत नव्हतं, म्हणून नवा पाय कधी बसतोय याकडे बिचाऱ्याचे डोळे लागलेले. पण दिलेल्या तारखेला आला की पडद्यावर यायचं, ‘रद्द. रुग्णाच्या विनंतीवरून.’ मी कपाळाला आठ्या घालून नवी तारीख द्यायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मागच्या महिन्यात तो असाच आला आणि माझा पारा चढला.

“अहो, फोन करून रद्द तुम्हीच करायचं आणि वर इथे येऊन उभंही तुम्हीच राहायचं! काय खेळ लावलाय?”

“मी नाही हो केला फोन,” तो म्हणाला.

“मग काय मी केला? कॉम्प्युटरचं तुमच्याशी काय वैर आहे?”

बाकावर बसलेले लोक हसले. त्याच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “नीट आठवा बघू.” त्यानं काखेतली कुबडी सावरली. मग मान खाली घालून म्हणाला, “केला असेल, ताई. माफ करा. हल्ली माझ्या लक्षात राहत नसावं.” आणि मला, सांगायलाही लाज वाटते, जिंकल्यासारखं वाटलं.

परवा आमच्याकडे एक नवी मुलगी कामाला लागली. तिला मी ऐटीत सांगितलं, काही अडलं तर मला विचारू नकोस, मदतीची पानं वाच. ती शहाण्यासारखी वाचत बसली. सहज तिच्या मागून जाताना पडद्याकडे लक्ष गेलं. तिनं लिहिलं होतं, ‘रद्द २१४ रुग्णाच्या विनंतीवरून’. खाली प्रोग्रामनं विचारलं होतं, खात्री आहे? आणि ती ‘हो’ लिहून मोकळी झाली होती.

“अगं ए! काय केलंस हे?”

“शिकतेय ताई. तुम्हीच लिहिलंय ना, असं टाइप करा, मग हो म्हणा.”

मी काकांना विचारलं. काका म्हणाले, “आम्ही सगळे तसंच शिकलो की. विसरलं की एकदा टाकून बघायचं. दोनशे चौदा तुम्ही सरावापुरता काढलेला नंबर ना?”

आमच्याकडे नंबर तारखेला नसतो, पायाच्या साच्याला असतो, आणि तो त्या माणसाला जन्मभर चिकटतो. ‘रद्द’चं पान लिहिताना माझ्या टेबलावर एक साचा पडला होता. त्याच्यावरचा नंबर मी उदाहरणात ठोकून दिला होता. कुणाचा साचा आहे, हे बघायचीही तसदी घेतली नव्हती. मी ‘शोध २१४’ लिहिलं. शिंपीच निघाला.

लगेच उदाहरणातला नंबर बदलला, कुणाचाच नसलेला टाकला. शिंप्याला सर्वांत आधीची तारीख दिली आणि फोन लावला. मनात म्हटलं, गुपचूप निस्तरू, कुणाला कळायचं कारण नाही. इतकी मी नीच. फोन बायकोनं उचलला.

“आता राहू दे हो ताई. त्यांचं डोकं जागेवर राहिलं नाही. दुकान दिराकडे दिलंय. मापं चुकतील म्हणून यांच्या हातात कात्रीसुद्धा देत नाही आम्ही. तो पाय दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

मी म्हणाले, “बरं.” बरं! जीभ कशी झडली नाही माझी?

फोन ठेवला आणि तशीच उठून दुकानात गेले. धाकटा भाऊ मशीनवर होता. शिंपी कोपऱ्यात बसून सदऱ्याची बटणं काढत होता, लहान मुलाला उगाच काहीतरी काम द्यावं तसा. मला बघून बायकोनं खुर्ची पुढे केली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पान माझं, उदाहरण माझं, चूक माझी, आणि वर तोंड वाजवलं तेही मीच.

“म्हणजे फोन मी केला नव्हता?” त्यानं विचारलं.

“एकदाही नाही.”

मला वाटलं आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. पण तो हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “ऐकलंस का रे? ताई, याला पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं सांगा.” मी पुन्हा सांगितलं. लाजेनं माझे कान तापले होते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तर त्यालाही सांगायला लावलं. त्याला माझ्यावर रागवायचं सुचतच नव्हतं, इतका त्याला आनंद झाला होता.

बायको मात्र हसली नाही. भिंतीला टेकून ती मटकन खाली बसली.

“अहो, मी रात्री दाराला आतून कुलूप लावत होते. तुम्ही कुठे भरकटाल म्हणून. किल्ली उशाखाली घेऊन झोपत होते.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

त्यानं हातातलं बटण खाली ठेवलं.

“मलाही वाटायचं, लावलेलं बरं.”