समोरचा लाल दिवा

"फोनवर काढ की," मी म्हणालो.

यादिराने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला अनवाणी शाळेत जायला सांगितलं होतं. सोळा वर्षांची पोर, आणि नाकावर राग आमच्या अख्ख्या खानदानाचा. ब्लॅकस्टोन रस्त्यावरचं स्केटबोर्डचं दुकान आपल्या टीममध्ये एक नवीन जण घेणार होतं. त्यासाठी व्हिडिओ पाठवायचा होता आणि मुदतीला जेमतेम दोन आठवडे उरले होते. निवड झाली तर वर्षभर फळ्या आणि चाकं फुकट, आणि मुख्य म्हणजे गावात नाव. त्या टीममध्ये आजवर एकही पोरगी नव्हती.

"फोनवर कोण काढणार? तुम्ही?" ती म्हणाली. "पप्पा, तुम्ही काढलं की आभाळ येतं आणि तुमचा अंगठा येतो."

हे खरं होतं. आमच्या घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला माझा अंगठा हजर आहे.

उन्हाळाभर द्राक्षं पेट्यांत भरायचं काम करून तिने पैसे साठवले होते. त्यात बसेल असा कॅमेरा हवा होता, आणि तो हातात धरणारा माणूस हवा होता. अख्ख्या फ्रेस्नोत हे दोन्ही जमेल असा माणूस मला एकच ठाऊक होता, आणि नेमकं त्यालाच विचारायला माझी जीभ उचलत नव्हती.

गॅरो बेदरोसियन. शाळेपासूनचा दोस्त. आजोबांनी काढलेली आर्मेनियन बेकरी आता तो चालवतो. दर शनिवारी मी त्याच्याकडून लवाश रोट्या घेतो, मागच्या दारात बसून त्याची कडू कॉफी पितो आणि आम्ही एकमेकांचा उद्धार करतो. त्याच्या टकलापासून माझ्या पोटापर्यंत सगळं बोलून होतं. कॅमेऱ्याचा विषय मात्र आमच्यात निघत नाही. आमच्या तरुणपणी गावातल्या प्रत्येक पोराचे व्हिडिओ हाच काढायचा. मग एका दिवशी त्याने कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. स्वतःच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्याने मेव्हण्याच्या हातात कॅमेरा दिला आणि आपण खुर्च्या लावत बसला. तरीही बाजारात कुठला नवीन कॅमेरा आला, त्यात काय चांगलं, काय भिकार, हे त्याला तोंडपाठ. हात लावायचा नाही, पण माहिती सगळी ठेवायची.

शेवटी यादिरानेच विषय काढला. मी रोट्या मोजून घेत होतो आणि ही सरळ काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "गॅरोकाका, दोनशे डॉलरमध्ये चांगला कॅमेरा येतो का? स्केटिंगसाठी?"

गॅरोने पिठाचे हात पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"नवा येत नाही. जुना येतो. जुन्यातही दहातले आठ कचरा असतात," तो म्हणाला. "शनिवारी जुन्या बाजारात चल. मी निवडून देतो. पण आत्ताच सांगतो बाई, व्हिडिओ मी काढणार नाही."

"मग घेऊन काय करू? कपाटात मांडून ठेवू?"

"ते तुझ्या बापाला विचार."

बाप रोट्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

शनिवारी सकाळीच ऊन तापलं होतं. बाजारात लॉरेटा नावाच्या म्हाताऱ्या बाईचं टेबल आहे, छत्रीखाली. मेलेल्या माणसांच्या घरातलं सामान ती घाऊक उचलते आणि तोंड वाजवून विकते. त्या दिवशी तिच्याकडे कॅमेऱ्यांचं एक खोकंच होतं.

यादिराने पहिल्या झटक्यात मोठ्या काचेचा, फोटोग्राफर गळ्यात अडकवतात तसला कॅमेरा उचलला. "हा! हा भारी दिसतो."

"दिसतो," गॅरो म्हणाला. "चित्रही भारी येईल, तू पुतळ्यासारखी उभी राहिलीस तर. तू फळीवरून सुसाट येणार आणि हा बिचारा तू नीट दिसावीस म्हणून काच मागेपुढे करत बसणार. त्यात तापला की मध्येच झोपतो. आणि समोर दिवा नाही."

दुसरा मुठीत मावेल एवढा होता. "याला धरायला जागाच नाही. हात हलला की बघणाऱ्याला उलटी होईल. दिवाही नाही."

तिसरा यादिराने उलटासुलटा करून दाखवला, गॅरोने लांबूनच मान हलवली. "दिवा नाही."

"अहो, कसला दिवा?" यादिरा वैतागली. "मघापासून दिवा दिवा! मला काय अंधारात उडी मारायचीय?"

"लाल दिवा. कॅमेऱ्याच्या तोंडावर. रेकॉर्डिंग चालू असलं की लागतो. काढणाऱ्याला नाही कळलं तरी समोरच्याला कळतं."

"काढणाऱ्याला कसं नाही कळणार? बटण तोच दाबतो ना?"

गॅरोने खोक्याकडे पाठ फिरवली. लॉरेटाबाई वारा घालता घालता थांबली. मी म्हणालो, "यादिरा, बास." पण आमच्या घरात 'बास' म्हटल्यावर कुणी थांबल्याचं मला आठवत नाही.

"सांग तिला," गॅरो मला म्हणाला. "तुझी गोष्ट आहे."

मग मी सांगितलं. एकोणीसशे नव्याण्णवचा ऑगस्ट. आम्ही दोघं अठरा वर्षांचे. बंद पडलेल्या कोर्टाच्या मागे अकरा पायऱ्या होत्या, आणि त्यांच्यावरून फळी पायाखाली गरकन फिरवून खाली उतरणं तोवर गावात कुणाला जमलं नव्हतं. मी सकाळपासून पडत होतो. कोपरं सोलली, पँटचा गुडघा गेला. गॅरो स्वतःच्या फळीवरून माझ्या मागे यायचा. कॅमेरा वरच्या मुठीला धरून पार जमिनीलगत न्यायचा, म्हणजे उडी उंच दिसते. असं धरलं की कॅमेऱ्यातून बघता येत नाही, सगळं अंदाजाने. अंगठ्याने बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. दुपार कलताना मला ते जमलं. उतरलो, दोन्ही पाय फळीवर, आणि तसाच पुढे गेलो. आणि मग गॅरोने टेप मागे फिरवून बघितली, तर त्यात उडीच नव्हती.

"अंगठा कधीतरी दोनदा पडला होता," गॅरो मध्येच म्हणाला. "तिथून सगळं उलटं झालं. मी चालू करतोय म्हणून बंद केलं, बंद करतोय म्हणून चालू. त्या कॅमेऱ्याला लाल दिवा होता पोरी. पहारेकऱ्याला दिसू नये म्हणून मीच त्यावर काळी पट्टी चिकटवली होती."

"मग?"

"मग तुझा बाप म्हणाला, त्यात काय, पुन्हा मारतो. पुन्हा मारली. घोटा मोडला."

त्या घोट्यात अजून खिळे आहेत. थंडीत धुकं पडलं की ते माझ्याशी बोलतात. मी पुन्हा तशी फळी चालवली नाही आणि अकरा पायऱ्या मला जमल्या होत्या यावर गावात कुणी विश्वास ठेवला नाही. माझ्या बायकोनेसुद्धा नाही. "हो रे राजा, मारली असशील," असं ती म्हणते आणि मला भाजी चिरायला लावते.

मी गॅरोला त्यावरून एक शब्द कधी बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित बरं झालं असतं.

यादिरा विचार करत होती. मग म्हणाली, "पण थांबा. चालू पाहिजे तेव्हा बंद होता, म्हणजे बंद पाहिजे तेव्हा चालू होता. मग त्या टेपमध्ये आहे काय?"

"जमीन," गॅरो म्हणाला. "आमचे बूट. बडबड. उडी असायला हवी तिथपर्यंत मी मागे गेलो, उडी नव्हती, तिथेच मी कॅमेऱ्यापासून डोळा बाजूला केला."

"म्हणजे कुणीच बघितली नाही? कधीच?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या जुन्या कॅमेऱ्याला पडदा नव्हता, एक डोळा लावून बघायचं. त्यामुळे मी तर त्यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. मला दिसला होता तो फक्त डोळा बाजूला केल्यानंतरचा गॅरोचा चेहरा.

तेवढ्यात लॉरेटाबाईने टेबलाखालून आणखी एक कॅमेरा काढून आपटला. "मघापासून दिवा हवाय ना तुम्हाला? हा घ्या दिवा. छोट्या टेपेवर चालतो. चालतो का ते मला माहीत नाही, टेप नाही माझ्याकडे. ऐंशी डॉलर, आणि घासाघीस करायची असेल तर उन्हात उभं राहून करा, माझ्या छत्रीत नाही."

करड्या रंगाचा, बाजूला उघडणारा छोटा पडदा असलेला, घरगुती कॅमेरा. समोर काचेखाली मसुराएवढा दिवा. गॅरोने तो हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या हातात कॅमेरा बघत होतो. त्याने मूठ तपासली, काच उन्हात धरली, झाकण उघडून आतली चाकं बघितली, वास घेतला.

"हा चांगला आहे. टेपेचा असला म्हणून काय झालं, डिजिटलच आहे. तारेने कॉम्प्युटरवर उतरवता येतो," तो म्हणाला. "पण टेप चालवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. थांबा इथेच."

बेकरी दोन गल्ल्या सोडून. तो घामाघूम होऊन परत आला आणि त्याने खिशातून एक टेप काढली. प्लास्टिकची डबी थंडगार होती. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कोर्ट, अकरा.

"कुठे होती ही?" मी विचारलं.

"थंड कपाटात. खमिराच्या डब्यामागे." तो टेप बसवण्यात गुंतला. "उन्हाने टेपा खराब होतात. तुला काय माहीत आहे टेपांचं?"

"पंचवीस वर्षं?"

"खमिराचा डबा बदलत होतो मध्ये मध्ये."

मी लॉरेटाबाईच्या टेबलावरच्या किटल्या बघायला लागलो.

काडेपेटीएवढा पडदा. तिघांनी डोकी एकत्र करून सावली केली. आधी निळं, मग रेघा, मग जमीन. पांढरी, तापलेली सिमेंटची जमीन आणि माझे फाटके बूट.

"पाय उचलत नाहीस तू, गाढवा," टेपमधून गॅरो म्हणाला.

"तू ये की उचलायला. नुसता मागे मागे फिरतोस."

"अय्या पप्पा," यादिरा म्हणाली, "केवढा बारीक आवाज!"

चित्र तुटलं, पुन्हा जमीन आली. पीचची कोय. गॅरोच्या आईने बांधून दिलेली रोटी आणि चीज, कागदात. त्यावरून आमची भांडणं. पुन्हा तुटलं, पुन्हा बूट. प्रत्येक उडीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं होतं, उडी एकही नव्हती. मी कण्हतोय, गॅरो मला उठवतोय, पाणी डोक्यावर ओततोय, "अजून एक, अजून एकच, माझी शप्पथ" म्हणतोय. हा माणूस मला इतकं गोड बोलायचा हे मी पार विसरून गेलो होतो.

आणि मग चित्र तुटलं आणि पायऱ्या दिसल्या. पायऱ्यांच्या पुढे, पाठमोरा, गुडघे वाकवलेला, शर्टात वारा भरलेला एक पोरगा दोन्ही पाय फळीवर ठेवून जात होता. चाकांचा आवाज येत होता. मी उतरल्या उतरल्या आनंदाच्या भरात गॅरोने बटण दाबलं होतं.

"हे बघा!" यादिरा ओरडली. "उतरलात तुम्ही! खरंच उतरला होतात!"

पडद्यावर सगळं हिंदकळायला लागलं. गॅरो धावत होता, आर्मेनियनमध्ये किंचाळत होता. मग माझा शर्ट, आकाश, कुणाचा तरी कान. दोन पोरं दमेस्तोवर हसत होती.

"मिळालं ना? गॅरो, मिळालं ना?"

"मिळालं! सगळं मिळालं!"

गॅरोने पडदा मिटला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. माझेही भरले होते. त्या दिवसातला त्याचा उतरलेला चेहराच मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. त्याच्या आधी आम्ही दोघं असे नाचलो होतो, आयुष्यात पुन्हा तसे कधी नाचलो नाही, आणि ते माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"घेताय की रडताय?" लॉरेटाबाई म्हणाली. "पंच्याहत्तर द्या."

यादिराने पैसे दिले. मग कॅमेरा गॅरोच्या छातीशी नेऊन धरला. "तुम्ही माझ्याकडे बघा काका. दिव्याकडे मी बघते. दिवा नसेल तर मी उडीच मारणार नाही."

गॅरोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "धर की लेका. अंगठा माझा नाही ना तो." त्याने धरला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयामागे गेलो. सातच पायऱ्या, अकराचं नाव काढलं तर दोघांना घराबाहेर झोपवीन असं तिच्या आईने बजावलं होतं. यादिरा पडली, उठली, पुन्हा पडली. प्रत्येक वेळी वर जाऊन ती आधी दिव्याकडे बघायची, मग मान हलवायची. गॅरोचं पोट सुटलंय, पण फळीवर तो अजून सरळ उभा राहतो. कॅमेरा जमिनीलगत, मूठ घट्ट.

आणि मग ती उतरली. दोन्ही पाय फळीवर, थेट सायकली लावायच्या दांड्यापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "मिळालं?"

"सगळं मिळालं!" गॅरो ओरडला. त्याचा आवाज फुटला.

ती धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. कॅमेरा गॅरोच्या हातात खाली लोंबत होता, आमच्या बुटांकडे तोंड करून, आणि दिवा लागलेला होता.

"अरे, बंद कर. चालूच आहे तो," मी म्हणालो.

"माहीत आहे," गॅरो म्हणाला. "राहू दे."